सातवा डेक, डावी बाजू

कवळी ओळखीची निघाली. मंगळवारी सकाळी दवाखान्यांकडून आलेली पाकिटं उघडताना तिसऱ्या पाकिटातून ती तिच्या तळहातावर पडली. वरच्या जबड्याची, बरोबर मधोमध दुभंगलेली. पाकिटावर नाव नव्हतं. डेंटल लॅबमध्ये नावं येतच नाहीत, नंबर येतो आणि दंतवैद्याच्या गिचमिड अक्षरातली एखादी ओळ येते: जोडून हवी, घाई आहे. पण डावीकडचा दुसरा दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता, गर्दीत पुढच्याच्या खांद्यावरून कुणी डोकावावं तसा. तो चढाव तिनेच दिलेला होता, बारा वर्षांपूर्वी, मेणात रोवलेला दात गरम सुरीने तीनदा हलवून. ‘सगळे एका रांगेत उभे केलेस तर मी कवायतीला निघाल्यासारखी दिसेन,’ वन्सं म्हणाल्या होत्या. ‘माझा तो एक आगाऊ होता, आगाऊच ठेव.’ वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. आता तो नवरा नव्हता. अकरा वर्षं झाली होती. तळहातावर मात्र वन्संची टाळू होती, गुलाबी, कोरडी, तिच्या बोटांनी घासून गुळगुळीत केलेली, आणि तिला एकदम वाटलं की कुणी तरी मागून येऊन आपले डोळे झाकलेत आणि विचारतंय, ओळख पाहू.

‘काय झालं? भूत बघितलंस?’ शेजारच्या टेबलावरून पॉर्सेलेनवाली म्हणाली. ती वीस वर्षं तिच्या डाव्या हाताला बसून लोकांच्या समोरच्या दातांना रंग चढवत होती, आणि तिला कालपासून अपराधी वाटत होतं. कारण ती जहाजावर येणार नव्हती. दोघींनी मिळून केबिन धरून ठेवली होती, अटलांटिकमधल्या एका बेटावर जाणाऱ्या जहाजावर. आणि पॉर्सेलेनवालीच्या मुलीच्या प्रसूतीची तारीख नेमकी त्याच आठवड्यावर सरकली होती. ‘तू जा गं एकटी,’ ती काल दहा वेळा म्हणाली होती, ‘किंवा शोध कुणी.’ शनिवारी सहा वाजेपर्यंत दुसरं नाव कळवा, असं बुकिंगवालीने सांगितलं होतं, नाही तर केबिन सुटेल. आणि ही सगळी धांदल चालू असताना तिला आतून उकळ्या फुटत होत्या, हसूच येत होतं. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला इतका आनंद शोभतो का, हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं.

तसं पाहिलं तर या सगळ्याचं मूळ डोळ्यांच्या डॉक्टरांत होतं. चौतीस वर्षं वीतभर अंतरावरच्या वस्तूंकडे बघून तिची नजर आखडली होती. ‘दर अर्ध्या तासाने मान वर करायची आणि दूर बघायचं,’ डॉक्टर म्हणाले. तिने प्रामाणिकपणे मान वर केली. लॅबच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, भिंतीवर एक पाइप. घरून दिसायचं ते समोरच्यांचं स्वयंपाकघर. रस्त्यावर उभं राहिलं तर रस्ता जिथे वळायचा तिथे एक बँक होती. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या आयुष्यात दूर नावाची वस्तूच नाही. आणि त्याच आठवड्यात एका दवाखान्यात बसली असताना समोरच्या मासिकात ते पान निघालं: पांढरं जहाज, आणि खाली छोट्या अक्षरांत प्रवासाचा तक्ता. तिसरा दिवस, समुद्र. चौथा दिवस, समुद्र. पाचव्या दिवशी सकाळी बेट. ते बेट तिने नंतर नकाशात शोधलं तर पेनाचं टोक टेकून उचलावं एवढंच होतं, चारी बाजूंनी निळंच निळं. पण तिला बेटाआधीच्या त्या दोन दिवसांनीच वेड लावलं होतं. दोन दिवस नुसतं दूर! तिने ते पान मासिकातून फाडलं, आयुष्यातली पहिली चोरी, आणि फाडताना आवाज येऊ नये म्हणून खोकली.

तुटलेले दोन तुकडे तिने चिकट मेणाने एकमेकांना लावून बघितले. तडा नीट बसला. म्हणजे एकही कपचा उडालेला नव्हता. बेसिनमध्ये पडली असणार. वन्सं दात घासताना गुणगुणतात आणि हातवारे करतात. गुरुवारी रात्री कधी राहिल्या की सकाळी न्हाणीघरातून आवाज यायचा. गुरुवार हा त्यांच्या सुट्टीचा वार. त्या बस स्टँडवर घोषणा करायच्या, अर्ध्या शहराला त्यांचा आवाज ठाऊक होता आणि तोंड कुणालाच नाही. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या घरात तिला सगळ्यांत धाक वाटला तो याच बाईचा. आणि वर्षभरात असं झालं की गुरुवारी दारावरची घंटा वाजली की तिच्या अंगावरून आठवडा उतरायचा. नवरा जेवून टीव्हीपुढे बसायचा. त्या दोघी ओट्याशी उभ्या राहून प्रवाशांची नक्कल, दातांची नक्कल, कुणाकुणाची नक्कल करत हसायच्या, भांडी तशीच. ‘दातवाले,’ वन्सं म्हणायच्या, ‘माझा भाऊ तुला कंटाळा आणतो का गं?’ आणि ती म्हणायची, ‘अधूनमधून नाही आणत.’ मग तो निघून गेला, त्याच्या विमा कंपनीतल्या एका बाईबरोबर राहायला. जाताना, बॅगेची चेन लावता लावता, अगदी सहज म्हणाला, ‘ताईला दोन वर्षांपासून माहीत आहे.’ त्या एका वाक्याने तिच्या घराची दोन दारं बंद झाली. वन्संचा फोन चारदा आला. तिने चारदा तो वाजू दिला. नवऱ्याचं दुःख सहा महिन्यांत विटलं, जुन्या चादरीसारखं. त्याचं नाव निघालं की आता फक्त बॅगेची चेन आठवते. गुरुवार मात्र अकरा वर्षं गुरुवारच राहिला. ती त्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत काम करायची.

तडा रुंद करून तिने त्यात गुलाबी लुकण भरलं, कवळी प्रेशरच्या भांड्यात ठेवली, आणि वाट बघत असताना समोर टाचणीने लावलेल्या जहाजाच्या नकाशाकडे बघत बसली. सातवा डेक, डावी बाजू. केबिनच्या चौकोनात दोन पलंग काढलेले होते, काडेपेटीतल्या काड्यांएवढे. ते तिने गेल्या दोन महिन्यांत इतक्यांदा बघितले होते की एका पलंगावर तिची उशीसुद्धा तिला दिसायची. आज पहिल्यांदाच तिची नजर दुसऱ्या काडीवर गेली आणि तिथे, विचारायच्या आधीच, कुणी तरी झोपलेलं होतं आणि झोपेत गुणगुणत होतं. छे. काहीतरीच. तिने पॉलिशच्या चाकावर कवळी इतकी घासली की पॉर्सेलेनवाली म्हणाली, ‘अगं, तोंडात घालायची आहे, आरसा करायचा नाहीये.’

नियमाने ती दवाखान्यात पाठवायची. तिने दवाखान्यात फोन करून सांगितलं की बाईंचं घर वाटेवर आहे, मीच देते. वाटेवर नव्हतं. बुधवारी संध्याकाळी ती दोन बस बदलून गेली, तीन जिने चढली, आणि घंटेवर बोट ठेवताना तिच्या मनात आलं की घंटा वाजवण्याआधी परत फिरणं हा एक अतिशय सोपा व्यायाम आहे. तोवर दार उघडलं; दवाखान्याने कळवलेलं असणार. वन्सं लहान झाल्या होत्या. दात नसल्याने गाल आत गेलेले, केस कापलेले, एक हात तोंडावर आणि दुसरा दारावर. दोघी उभ्या राहिल्या. मग वन्सं हात न काढता म्हणाल्या, ‘कवळी आणलीफ?’

ती हसली. हसायचं नव्हतं. अकरा वर्षं या क्षणासाठी जपून ठेवलेली एकूण चार वाक्यं होती, घासूनपुसून धार लावलेली, आणि त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. हसू आलं, तेही नाकातून. ‘आणली,’ ती म्हणाली. ‘बसा. आ करा.’ दिव्याखालच्या खुर्चीत तिने वन्संना बसवलं, कवळी पाण्यात बुडवली, अंगठ्याने टाळूला दाबून बसवली, आणि समोरचं तोंड तिच्या डोळ्यांदेखत परत आलं, आधी ओठ, मग गाल, मग तो एक आगाऊ दात. ‘टोचतंय कुठे?’ ‘थांब.’ वन्संनी घसा खाकरला, मान ताठ केली, आणि खोलीत तो आवाज घुमला: ‘सहा वाजून सदतीस मिनिटांनी सुटणारी शहर सेवेची साधी बस फलाट क्रमांक सातवर उभी आहे.’ बारा वर्षांपूर्वीही त्यांनी ‘स’ची परीक्षा अशीच घेतली होती. ‘एक शिट्टी येतेय,’ ती म्हणाली. पिशवीतून छोटी कानस काढायला गेली तर कानशीबरोबर लॅबमधून काढून, घडी घालून आणलेला जहाजाचा नकाशा टेबलावर पडला. वन्संनी चष्मा लावला. ‘हे काय? हॉस्पिटल?’

‘जहाज.’

‘कुणाचं?’

‘माझं. म्हणजे, मी जातेय. अटलांटिकमध्ये एक बेट आहे.’ आणि मग तिला स्वतःलाच आवरेना. ती ते दोन दिवस सांगत सुटली ज्यांत काहीच दिसत नाही, बेटावरचे उभे काळे कडे सांगितले, गावातल्या एवढ्या चढाच्या गल्ल्या की दाराला लावलेली सायकलसुद्धा घरंगळावी, मासिकातलं पान फाडताना आपण खोकलो तेही सांगितलं. पॉर्सेलेनवालीचं रद्द झालं तेही सांगून गेली, आणि सांगितल्यावर जीभ चावली. वन्संनी बराच वेळ नकाशावरून बोट फिरवलं. ‘ही खोली तुम्ही दोघींनी घेतलीत?’ त्या म्हणाल्या. ‘डोक्यावर बघितलंस का काय आहे? आठव्या डेकवर. व्यायामशाळा. पहाटे पाचपासून माणसं धावणार तुझ्या कपाळावर. आणि लिफ्ट बघ कुठे. गुडघेदुखीचं माणूस मधल्या मध्ये संपेल.’ ‘माझे गुडघे चांगले आहेत,’ ती म्हणाली. ‘माझे नाहीत,’ वन्सं म्हणाल्या, आणि दोघींनीही ते वाक्य ऐकलं नाही असं केलं.

गुरुवारी ती लॅबमधून वेळेवर निघाली. पॉर्सेलेनवालीने नुसती भुवई उंचावली. वन्संकडे पोचली, तर त्यांनी नकाशा मोठा करून छापून आणला होता, चार कागद चिकटवून. जेवणाचं टेबल पुरलं नाही, म्हणून जमिनीवर अंथरला. त्यावर पेन्सिलीने व्यायामशाळा खोडलेली, लिफ्टला गोल केलेला, नाचाच्या दालनावर ‘आवाज!’ लिहिलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडलेल्या बाईला कुणीतरी प्रथमच स्वतःची गाडी दिली होती. त्या पालथ्या पडून, चष्मा कपाळावर, फलाट नेमून द्यावा तशा खोल्या तपासत होत्या. ही नको, खाली इंजिन. ही नको, बाल्कनीसमोर बचावाची होडी टांगलेली आहे, तू मान वर करशील आणि तुला होडीचं बूड दिसेल. ही बघ! सातवाच डेक, डावीच बाजू, पण मागच्या टोकाला; मागे काहीच नाही, फक्त जहाजाने कापलेलं पाणी. फोन करून बघितला तर ती खोली रिकामी होती. बुकिंगवालीने बदलून दिली, शनिवार सहाची अट तीच ठेवून. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग बेट निघालं. कड्याच्या टोकापर्यंत गाडी जाते का. उतरायला शिडी असते का पूल. वाऱ्याने टोपी उडते, तर हनुवटीला बंद. आणि समजा रेलिंगवर वाकलं असताना पोटात ढवळलं आणि कवळी अटलांटिकमध्ये गेली तर? ‘मी जोडीची करून देईन,’ ती म्हणाली. ‘दोन न्यायच्या. एक पर्समध्ये.’ ‘मी येतेय असं कुणी म्हटलं?’ वन्सं म्हणाल्या. ‘कुणी नाही.’ ‘मग बरं.’ परतीच्या बसमध्ये तिचा चेहरा काचेत दिसत होता, आणि काचेतली बाई ओठ दाबून बसली होती, खिशात कुठलं तरी पिल्लू लपवून आणल्यासारखी. पण त्याच काचेत, जरा मागे, ते वाक्यही बसलेलं होतं. ताईला दोन वर्षांपासून माहीत आहे. सात दिवस, दोन पलंग, हातभर अंतर. त्या वाक्याला तिसरा पलंग कुठून आणायचा?

जहाज लागतं की नाही ते आधी बघू, ही कल्पना वन्संची. शहराच्या खालच्या अंगाला नदी रुंद होते, तिथून पलीकडे फेरीबोट जाते. शनिवारी दुपारी वन्सं धक्क्यावर हजर होत्या, हनुवटीला बंद असलेली टोपी घालून. पहिल्या फेरीला त्या रेलिंगला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. काही झालं नाही. ‘नदीच आहे,’ त्या नाराजीने म्हणाल्या. दुसऱ्या फेरीला वाळू वाहणारी मोठी नाव शेजारून गेली, बोट डुलली, आणि दोघी किंचाळून एकमेकींवर आदळल्या. एका म्हाताऱ्याने रागाने बघितलं. ऊन होतं. पाण्याचा, डिझेलचा, ओल्या दोरांचा वास येत होता. तिने मान वर केली आणि तिला दिसलं की नदीच्या तोंडाकडे, जिथे दोन्ही काठ एकमेकांना सोडून जातात, तिथे मधे काहीच नव्हतं, नुसता उजेड. डोळ्यांच्या मागे कुठे तरी एक ताणलेली दोरी हलकेच सैल झाली. तिला ते वन्संना सांगायचं होतं. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, ‘मला ठाऊक होतं.’

बोट मधोमध होती.

‘तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलेय. खोटं आहे ते. विचारलं असतंस तरी मी थापच मारली असती. भाऊ होता माझा. आणि गुरुवारचं तुझ्या ओट्याशी उभं राहणं होतं. दोन्ही सोडवेना. मग गप्प बसले, आणि गप्प बसून दर आठवड्याला तुझ्याकडे हसत होते. त्या गप्प बसण्याचं ओझं अजून माझ्याकडे आहे. घरात येऊन पडलेलं असावं तसं. तू ते बघितल्याशिवाय जहाजावरच्या त्या खोलीत मला नेऊ नकोस.’ स्टँडवरचा आवाज नव्हता हा. त्याला कुठे फलाट नव्हता.

तिची चार वाक्यं आता हाताशी होती. ती बोलायला वळली, आणि वन्संच्या टोपीचा बंद हनुवटीत रुतलेला दिसला, आणि तिच्या तोंडून भलतंच आलं, कधीच कुणाला न सांगितलेलं, पॉर्सेलेनवालीलाही नाही. ‘मलाही आधीच कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘तो जायच्या आठ महिने आधी. ती बाई त्याच्याबरोबर गाडीत बसलेली मी बघितली होती.’

वन्संनी रेलिंग सोडलं. ‘आठ महिने? आणि तू बोलली नाहीस?’

‘बोलले असते तर तो गेला असता. मग तुम्ही कशाला आला असतात?’ तिचा आवाज चढला होता आणि तिला तो आवरायचा नव्हता. ‘मला वाटलं, जितके गुरुवार निघतील तितके काढू. आणि शेवटी कळलं की तुम्हाला माहीत आहे, तेव्हा मी तुमच्यावर चिडले. स्वतःवर चिडायला अंगात बळ नव्हतं, म्हणून.’

वन्संनी तिच्या दंडावर एक जोरदार चापट मारली, खरोखर लागेल अशी. ‘मूर्ख,’ त्या म्हणाल्या. ‘अकरा वर्षं! अकरा वर्षं मी गुरुवारी एकटीने उकडलेली अंडी खाल्ली!’ आणि त्या रडायला लागल्या, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारख्या. तिलाही रडू येत होतं पण त्याच्या आत, बुडबुड्यासारखं, दुसरं काही तरी भराभर वर येत होतं आणि ते रडू नव्हतं.

फोन वाजला. पाच वाजून पन्नास मिनिटं. बुकिंगवाली. ‘दुसऱ्या प्रवाशाचं नाव हवं होतं. नाही तर मला केबिन सोडावी लागेल.’ तिने नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर, वन्संकडे बघत. वन्संनी डोळे पुसले पण नाही म्हटलं नाही. ‘आणि या तुमच्या कोण?’ बुकिंगवालीने विचारलं. ‘इथे नातं लिहावं लागतं.’ त्याच वेळी धक्का जवळ आला म्हणून बोटीचा भोंगा वाजला, छातीत घुमणारा, लांबलचक. ‘नणंद!’ ती म्हणाली. ‘काय? ऐकू येत नाही.’ ‘नणंद!’ ‘पण तुमच्या फॉर्मवर तर घटस्फोटित असं—’ ‘हो!’ ती भोंग्याच्या वर ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून, सगळा डेक वळून बघेल अशी. ‘नवऱ्याला सोडलं! नणंद आहे! नणंद लिहा!’

भोंगा थांबला. तिचा शेवटचा शब्द पाण्यावर एकटाच राहिला. मघाचा म्हातारा आता हसत होता. ‘लिहिलं,’ बुकिंगवाली हळूच म्हणाली. ‘पलंग जोडलेले हवेत की वेगळे?’ वन्संनी तिच्या हातातून फोन घेतला, मान ताठ केली, आणि नाक ओढून, स्वच्छ, खणखणीत, अर्ध्या शहराला ठाऊक असलेल्या आवाजात म्हणाल्या, ‘वेगळे. ही झोपेत दात खाते.’

बोट धक्क्याला लागली. माणसं उतरली. साखळी हातात धरून खलाशी दोघींकडे बघत थांबला होता. त्या जागच्या हलल्या नाहीत, तसं त्याने खांदे उडवले, साखळी परत अडकवली, आणि नव्या माणसांना आत घ्यायला दुसऱ्या टोकाला गेला.